शैक्षणिक कर्जाचं व्याज आणि आयकरातली सवलत


बाभुळगावची मुलं शिकायला यवतमाळला, अमरावतीला, नागपूरला जातात.
त्यासाठी बँकेचं शैक्षणिक कर्ज काढलं असेल, तर ही माहिती तुमच्यासाठी.

या कर्जाच्या व्याजावर आयकरात वजावट मिळते.
फक्त व्याजावर.
मुद्दलावर नाही.

व्याज कितीही असो, त्याला कमाल मर्यादा नाही.
व्याज फेडायला लागल्यापासून 8 वर्षं ही वजावट घेता येते.
पण नातेवाइकांकडून उसने घेतलेल्या पैशांना ती नाही.

आता नीट ऐका.
ही वजावट हवी असेल, तर जुनी करप्रणाली निवडावी लागते.
तुम्ही काहीच निवडलं नाही, तर नवीन प्रणाली आपोआप लागू होते.
तिथं ही वजावट नाही.
कितीतरी पगारदार पालकांचा हक्क इथंच हुकतो, याचं वाईट वाटतं.
दोन्हीकडचा कर मांडून बघा, मगच ठरवा.

बँकेकडून व्याजाचा दाखला मागून घ्या.
त्यात मुद्दल वेगळं, व्याज वेगळं दाखवलेलं हवं.

आणि शेतकरी मायबापहो,
शेतीच्या उत्पन्नावर आयकर नसतो.
पण कर्ज मुलीच्या नावावर असेल,
आणि नोकरीला लागून हप्ते ती भरत असेल,
तर व्याजाची ही वजावट तिला मिळते.
तिला आजच सांगा.