डब्या-कुंड्यांतील भाजीला ठिबकचे पाणी



विहिरीने तळ गाठला की परसातल्या डब्या-कुंड्यांतली मिरची, वांगी आधी सुकतात. माती थोडी, ती लवकर तापते. आणि तांब्याने ओतलेलं पाणी बुडच्या भोकातून निघून जातं. त्यापेक्षा थेंबाथेंबाने द्या.

200 लिटरचं पिंप कमरेइतक्या ओट्यावर ठेवा. तोटी बुडापासून चार बोटं वर बसवा, गाळ खाली राहील. तोटीला गाळणी, पुढे 16 मिलिमीटरची काळी नळी, तिच्यातून कुंडीगणिक एक बारीक नळी आणि टोकाला ड्रिपर. मोठ्या नळीचं शेवट दुमडून बांधा. आठवड्याला सोडून घाण वाहू द्या.

आता खरी गोम. तासाला 4 लिटरचा साधा ड्रिपर सुमारे 10 मीटर उंचीच्या दाबासाठी असतो. आपलं पिंप मीटरभर उंच. तिथं तो सव्वा लिटरच्या आसपासच देतो. तेव्हा छापील आकड्यावर जाऊ नका. पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली पेला ठेवून पंधरा मिनिटं मोजा. शेवटचा पेला फारच कमी भरला, तर नळी चढावर गेली असेल किंवा भोक चोंदलं असेल. कुंडीच्या बुडातून पाणी झिरपलं की तोटी बंद करा.

पिंपावर झाकण मात्र हवंच. उजेड लागला की पाणी शेवाळतं, शिवाय डास होतात ते वेगळेच.