आतड्याच्या इजेची रक्तातील साक्ष



सप्टेंबर १९८७ मध्ये ब्राझीलमधील गोयानिया शहरात एका ओस पडलेल्या किरणोपचार केंद्रातील यंत्राचा भाग भंगार म्हणून नेण्यात आला. त्यातील सीझियम-१३७ हा किरणोत्सर्गी पदार्थ वस्तीत पसरला. एक लाख बारा हजारांहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली. २४९ जण बाधित आढळले व चौघांचा मृत्यू झाला. अशा प्रसंगी वैद्यकांपुढे बिकट प्रश्न असतो : वरून धडधाकट दिसणाऱ्यांपैकी कोणाला आतून गंभीर इजा झाली आहे?

रक्तातील लसिकापेशी घटल्या, की अस्थिमज्जेच्या इजेचा अंदाज येतो. आतड्याची इजा मात्र सहजी कळत नाही. लहान आतड्याचे अस्तर तीन ते पाच दिवसांत नवे होत असते. तीव्र किरणोत्सर्गाने नव्या पेशी घडविणाऱ्या मूळ पेशीच मरतात. जुन्या पेशी यथाकाल गळून पडतात आणि त्यांची जागा रिकामीच राहते. मग अतिसार, शरीरातील पाण्याची घट व जंतुसंसर्ग ओढवतो.

या इजेची साक्ष देणारा पदार्थ म्हणजे सिट्रुलिन. हे अमिनो आम्ल कलिंगडाच्या रसात सापडले व त्यावरूनच त्याचे नाव पडले. माणसाच्या रक्तातील सिट्रुलिन मुख्यतः लहान आतड्याच्या अस्तरपेशी तयार करतात. साहजिकच, अस्तर झिजले की रक्तातील त्याचे प्रमाण उतरते. नेदरलँड्समधील संशोधकांनी २००३ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले, की किरणांची मात्रा वाढेल तसे हे प्रमाण अधिक घटते.

तथापि ही साक्ष जपूनच घ्यावी लागते. जुन्या पेशी गळण्यास काही दिवस लागत असल्याने पहिल्या दिवसाच्या तपासणीतून इजा उमगत नाही. आतड्याच्या इतर विकारांतही सिट्रुलिन घटते. उलट मूत्रपिंड निकामी झाल्यास ते वाढते. म्हणून एका आकड्यावर निर्णय न सोपविता पुनःपुन्हा मोजणी करून रोग्याच्या अन्य लक्षणांशी ती पडताळावी लागते.

हा प्रश्न केवळ अपघातांपुरता नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर ओटीपोटाला किरणोपचार देताना आतड्यालाही किरणांची झळ पोचते. उपचारांच्या काळात होणारे जुलाब अनेक भगिनी संकोचाने लपवितात. गावातील शिक्षक, आरोग्यसेविका व पंचायत सदस्यांनी त्यांना धीर द्यावा आणि त्रास वेळीच डॉक्टरांना सांगण्यास प्रवृत्त करावे. रक्ताची साक्ष उपयोगी खरीच. पण रोग्याने स्वतः सांगितलेल्या त्रासाचे मोल तिच्याहून कमी नाही.