कामगाराचा कोट आणि कामगाराचा मान

(सांगली येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने कोटाविषयी बोलावे, याचे आपल्याला नवल वाटेल. निमित्त घरचेच आहे. दिवाळीला माझा धाकटा मुलगा पुण्याहून आला, तो जाड सुती निळे जाकीट घालून. वरून शिवलेले तीन मोठे खिसे, दुहेरी शिवण आणि मुद्दाम फिकट केलेला रंग. ब्रिटिश कामगारांच्या जुन्या जाकिटाचा हा नमुना असून त्याला नऊ हजार रुपये पडले, असे त्याने सांगितले. मला माझे वडील आठवले. ते एका कारखान्यात लेथ चालवीत. त्यांचा खाकी सदरा आई रविवारी सोड्याच्या उकळत्या पाण्यात भिजवी, तरी तेलाचे डाग जात नसत. भोंगा झाला की ते तो सदरा पिशवीत कोंबीत आणि धुतलेला अंगात घालूनच पेठेतून घरी येत. ज्या वस्त्राची आजोबांना लाज वाटे, ते आज नातू मिरवतो आहे. श्रमाची प्रतिष्ठा वाढली म्हणून हे घडले काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

या कोटांचे गुण खोटे नाहीत, हे प्रथम मान्य केले पाहिजे. इंग्लंडमधील ‘डाँकी जॅकेट’ घ्या. रूजली गावच्या जॉर्ज की यांनी १८८८ च्या सुमारास मँचेस्टरचा जहाजी कालवा खणणाऱ्या मजुरांसाठी ते प्रथम शिवले, असे सांगितले जाते. कापड जाड लोकरीचे, आणि खांद्यांवर चामड्याचे ठिगळ. कारण ओझे खांद्यावर येते आणि पाऊसही तिथेच मुरतो. त्या कोटातील कोणतीही गोष्ट शोभेसाठी नव्हती. जे काम सांगेल तेच शिंपी शिवीत होता. त्याचे सौंदर्य आहे ते यातच.

या पोशाखाचा एक धागा आपल्या दारापर्यंत येतो. कामकरी इंग्रजाची ‘डंगरी’ म्हणजे मुंबईची डोंगरी. तेथे विकल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या सुती कापडाला ते नाव मिळाले, आणि सतराव्या शतकापासून ते इंग्रजीत रूढ झाले. म्हणजे ज्याला आपण विलायती वारसा म्हणून दाम मोजतो, त्यात आपल्या विणकराचेही हात आहेत.

परंतु कोटाला मान आणि कामगाराला मान, या दोन भिन्न गोष्टी आहेत. १९८१ च्या नोव्हेंबरात लंडनच्या युद्धस्मारकापाशी मजूर पक्षाचे नेते मायकेल फूट एक आखूड हिरवट कोट घालून उभे राहिले. तो ‘डाँकी जॅकेट’ आहे असे ठरवून वृत्तपत्रांनी मृत सैनिकांचा अवमान झाल्याची ओरड केली. वास्तविक तो मजुराचा कोट नव्हताच. पण मजुरासारखे दिसणे हाच अपराध ठरला! तोच कोट पुढे मँचेस्टरच्या लोकइतिहास संग्रहालयात सन्मानाने ठेवला गेला.

थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ साली सुखवस्तू वर्गावरील आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, आपल्याला अंगमेहनत करावी लागत नाही हे जगाला कळावे, हे उंची पोशाखाचे एक प्रयोजन असते. आज उलटे घडलेले दिसते, पण ते दिसण्यापुरतेच. कापड फिकट, पण उन्हाने नव्हे. खिसे मोठे, पण हत्याराविना. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांच्या त्या संपात आपल्या सातारा-सांगलीची कितीतरी घरे होती. त्यांतील असंख्य कामगार पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागेवर आज भव्य बाजारसंकुल आहे. जेथे कापड विणणारा उरला नाही, तेथे कपड्यांची झगमगती दुकाने आहेत. कामगार हद्दपार झाल्यावरच त्याचा वेष बाजाराला निर्धोक आणि मोहक वाटू लागतो.

मग आपले श्रमवस्त्र कोणते? हंगामात सांगलीबाहेर कोणत्याही उसाच्या फडात जाऊन पाहा. बीडकडून आलेली तोडकरी बाई लुगड्यावर नवऱ्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा सदरा चढवते. उसाचे पाचट कातडी कापते, म्हणून. तो सदरा कोणत्याही दुकानाच्या काचेमागे टांगला जाणार नाही. पण ज्या गरजेतून मँचेस्टरच्या मजुराच्या खांद्यावर चामडे आले, तीच गरज येथे आहे. अंतर इतकेच की, तेथे कोणीतरी ते शिवून दिले. येथे बाई आपल्याच घरचे जुनेर वापरते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. हंगामाच्या आरंभी प्रत्येक तोडकऱ्याला, आणि विशेषतः प्रत्येक बाईला तिच्या मापाचा, बळकट कापडाचा, पूर्ण बाह्यांचा कोट, हातमोजे व पायांत बूट कारखान्यांनी द्यावेत, आणि त्याचा खर्च उचलीतून कापू नये. हे कापड विट्याच्या वा इचलकरंजीच्या मागावर विणता येईल. ही मागणी प्रत्येक कारखान्याच्या सभेत ऊस-उत्पादक सभासदांनीच मांडावी.

माझ्या मुलाला मी ते जाकीट टाकून दे असे सांगितले नाही. त्याला एवढेच म्हणालो, “एकदा माझ्याबरोबर फडात चल, आणि हेच घालून चल.” तो येतो म्हणाला आहे.