हंदु, हकुरु आणि आपला ळ



संयोजकांनी 'प्रवासातलं काहीतरी सांग' म्हणून पाच मिनिटं दिली आहेत. निळं पाणी, पांढरी वाळू हे वर्णन गाळते. फोटो ग्रुपवर टाकलेच आहेत.

मालदीवमध्ये माफुशी नावाच्या छोट्या बेटावर आम्ही एका घरगुती गेस्ट हाउसमध्ये उतरलो होतो. तिथली भाषा दिवेही. लिपी थाना, उजवीकडून डावीकडे. गणिताच्या सरांना आवडेल अशी गंमत म्हणजे तिची पहिली नऊ अक्षरं अरबी अंकांवरून घेतलेली आहेत आणि पुढची नऊ त्यांच्याच जुन्या अंकांवरून. मला पाट्यांवरचं अक्षर लागत नव्हतं आणि बोलणंही कळत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मालकाच्या आई अंगणात मासे मोजत बसल्या होत्या. "एके, दे, तिने, हतरे, फहे..." मी थबकलेच. पुढे हये, हते, अशे, नुवये, दिहाये! मराठीच्या बाई फळ्यावर संस्कृत, प्राकृत, मराठी असे तीन रकाने आखायच्या, आठवतंय? इथे चौथा रकाना समोर बसला होता. आपल्या 'स', 'च'च्या जागी बऱ्याचदा 'ह', 'प'च्या जागी 'फ'. म्हणून चंद्र हंदु, साखर हकुरु, पाणी फेन. मासा म्हणजे मस. मीठ म्हणजे लोनु; आपलं लोणचं त्याच घरातलं. दिवेही ही सिंहलीची सख्खी बहीण, म्हणजे मराठीची चुलत. भूगोलात घोकलेला 'अटोल' शब्दही इंग्रजीने यांच्या 'अतोळु'वरून उचललाय. आजींचा तो 'ळ' इतका स्वच्छ, की सातासमुद्रापार कोणीतरी गाववाली भेटल्यासारखं वाटलं.

त्यांचा नातू दुसरीत. त्याला दहापर्यंत म्हण म्हटलं, तर त्याने 'वन, टू' सुरू केलं. तिथल्या शाळा १९६१पासून इंग्रजी माध्यमाकडे वळल्या. दिवेही एक विषय म्हणून उरली. १९७६मध्ये तर सरकारने रोमन लिपी आणली होती. दोनेक वर्षांत सरकार बदललं आणि थाना परत आली. आकड्यांसाठी मात्र आजी रोज संध्याकाळी नातवाला समोर बसवतात. तो कंटाळतो, त्या सोडत नाहीत.

आपल्या शाळेच्या पहिलीच्या मराठी वर्गात यंदा अकरा मुलं आहेत. उद्या सकाळी दहाला त्यावर मुख्याध्यापकांच्या खोलीत बैठक आहे. बाई येणार आहेत. ज्यांची गाडी दुपारची आहे, त्यांनी कृपा करून थांबावं.