पर्वत आणि कांचेची प्लेट

छायाचित्र म्हणजे दृश्याची हुबेहूब नक्कल, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. कॅलिफोर्नियांतील सिएरा नेव्हाडा पर्वतांत आयुष्य वेंचणाऱ्या अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांच्या आरंभींच्या एका चित्राची हकीकत ऐकली म्हणजे ही समजूत टिकत नाहीं.

अ‍ॅडम्स यांचा जन्म १९०२ मधला, सॅन फ्रॅन्सिस्कोचा. शिक्षण पियानोचें. १९१६ सालीं आईबापांबरोबर योसेमिटी खोऱ्यांत गेले असतां हातीं एक साधा ब्राउनी कॅमेरा पडला, आणि तेव्हांपासून दर वर्षीं पर्वताची वारी सुरू झाली.

१० एप्रिल १९२७ रोजीं, वाग्दत्त वधू व्हर्जिनिया व तीन मित्र यांच्यासह, बर्फ तुडवीत ते ‘हाफ डोम’ नांवाच्या प्रचंड कातळासमोर पोंचले. पाठीवर अवजड कॅमेरा, तिवई आणि कांचेच्या डझनभर प्लेटी. कड्यावर ऊन येईपर्यंत त्यांतील दोनच उरल्या! एक त्यांनीं भिंगापुढें पिवळी कांच लावून घेतली. लगेच मनांत आलें कीं, यांत आकाश फिकट येणार. समोरचा कडा मनावर जें दडपण आणीत आहे तें कांहीं उतरणार नाहीं. मग शेवटच्या प्लेटीसाठीं गडद तांबडी कांच लावली. ती निळा प्रकाश अडविते. म्हणून आकाश कागदावर जवळजवळ काळें उमटतें आणि उन्हांतला खडक उजळून निघतो. प्रकाशच थोडा पोंचत असल्यामुळें भिंग पांच सेकंद उघडें ठेवावें लागलें. वाऱ्याची एक झुळूक तिवई हालविती, तर सारे श्रम बर्फांत जाते.

काळें आकाश हें खोटें नव्हे काय, असें कोणी विचारील. माझ्या मतें नव्हे. चीज तीच असली तरी गवई ती आपल्या अंगानें गातो. हे गृहस्थ तर मुळांत वादकच होते.

परंतु या चित्रांना केवळ भिंतीवर टांगून राहावयाचें नव्हतें. १९१९ पासून अ‍ॅडम्स ‘सिएरा क्लब’चे सभासद होते. या संस्थेनें हेच हेची खोरें वांचविण्यासाठीं झुंज दिली होती. पण १९१३ च्या कायद्यानें तेथें धरणास मुभा मिळाली. खोऱ्याचीं छायाचित्रें उरलीं, खोरें पाण्याखालीं गेलें.

तेंच संकट किंग्ज नदीच्या खोऱ्यावर घोंघावत असतां, १९३६ मध्यें अ‍ॅडम्स चित्रांची चळत घेऊन वॉशिंग्टनला गेले. तेव्हां हातीं कांहीं लागलें नाहीं. १९३८ मध्यें त्यांचा सिएरा नेव्हाडाचा चित्रसंग्रह निघाला; मंत्री इकेस यांच्यामार्फत तो अध्यक्ष रूझवेल्ट यांच्यापर्यंत गेला, आणि ४ मार्च १९४० रोजीं किंग्ज कॅन्यन राष्ट्रीय उद्यानाचा कायदा झाला. सारें श्रेय चित्रांस देणें भाबडेपणाचें होईल. इकेस हे स्वतः मोठे झुंजार गृहस्थ होते. शिवाय धरणवाल्यांचा डोळा असलेलीं सीडर ग्रोव्ह व टेहिपिटी हीं दोन खोरीं त्या कायद्यानें बाहेरच ठेविलीं. तीं उद्यानांत आलीं १९६५ सालीं. अ‍ॅडम्स तेव्हां त्रेसष्ट वर्षांचे होते, आणि अजून क्लबाच्या संचालक मंडळावर होते.