परदेश प्रवासात विमान कुठे बदलायचे?

(आरे कॉलनीत, परदेशी गेलेल्या मुलांच्या आई-वडिलांसाठी घेतलेल्या मार्गदर्शन बैठकीतील भाषणाचा मजकूर)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, ट्रॅव्हल एजंट नाही. पण आपल्या वस्तीत कुणाचा मुलगा कॅनडात, कुणाची मुलगी जर्मनीत, असं गेल्या काही वर्षांत वाढत गेलं. मग त्यांचे आई-वडील, बहुतेक वेळा एकटी आई, पहिल्यांदा विमानात बसते तीच थेट अठरा-वीस तासांच्या प्रवासासाठी. तिकीट काढताना घरात एकच प्रश्न विचारला जातो, "सर्वांत स्वस्त कुठलं?" आज मला एवढंच सांगायचं आहे, की त्याआधी दुसरा प्रश्न विचारा. वाटेत काही बिघडलं, तर आपलं माणूस कुठे उभं असेल आणि त्याची जबाबदारी कोणावर असेल?

लांबच्या प्रवासात मध्ये थांबा असणं नवीन नाही. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला निघालं, तेही कैरो आणि जिनिव्हाला थांबत गेलं. पण तेव्हा विमान तेच होतं. आज थांबा म्हणजे वेगळं विमान, कधी वेगळी कंपनी, पुन्हा सुरक्षा तपासणी आणि अनोळखी इमारतीत दोन-तीन किलोमीटरची चाल.

पहिला नियम : संपूर्ण प्रवास एका तिकिटावर, म्हणजे एकाच पीएनआरवर असला पाहिजे. तिकीट एक असेल आणि पहिल्या विमानाला उशीर होऊन दुसरं सुटलं, तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी विमान कंपनीची असते. बॅगही साधारणपणे शेवटच्या मुक्कामापर्यंत जाते. इंटरनेटवर जे फार स्वस्त दिसतं, ते पुष्कळदा दोन वेगळी तिकिटं जोडून केलेलं असतं. त्यात दुसऱ्या कंपनीच्या हिशेबी तुम्ही फक्त वेळेवर न आलेले प्रवासी असता. तिकीट बुडालं, नवीन घ्या.

शिवाय दोन तिकिटं असली की बॅग बहुधा मधल्या विमानतळावर स्वतः उचलून पुन्हा द्यावी लागते. बॅग उचलायची तर इमिग्रेशन ओलांडून बाहेर यावं लागतं, आणि बाहेर यायला त्या देशाचा व्हिसा लागतो. इथे आपल्या घरांतली एक जुनी अडचण पुढे येते. अनेक बायकांच्या पासपोर्टवर एकच नाव आहे, आडनावाची जागा रिकामी. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने अशा एकेरी नावाच्या पासपोर्टवर, भेटीच्या व्हिसाने येणाऱ्यांना प्रवेश न देण्याचा नियम केला. पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा कुटुंबाचं नाव असेल तर चालेल, असं नंतर स्पष्ट झालं. म्हणून तिकिटाआधी पासपोर्ट उघडून बघा.

दुसरा नियम : थांब्याच्या देशाचा कायदा आपल्याला लागू होतो. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो. त्यामुळे टोरंटोला न्यूयॉर्कमार्गे स्वस्त मिळालं आणि अमेरिकेचा व्हिसा नसेल, तर ते तिकीट आपल्यासाठी नाहीच. लंडनमध्ये विमान बदलायला आपल्याला ट्रान्झिट व्हिसा लागतो, पण अमेरिका, कॅनडा यांसारख्या देशांचा चालू व्हिसा असेल तर काही अटींवर सूट मिळते. युरोपात दोन थांबे घेऊ नका. फ्रँकफर्टला उतरून ॲमस्टरडॅमला गेलात आणि तिथून पुढे निघालात, तर मधला प्रवास शेंगेन क्षेत्राच्या आतला धरला जातो आणि त्याला पूर्ण शेंगेन व्हिसा हवा. हे नियम बदलत असतात, म्हणून तिकिटाचे पैसे भरण्याच्या दिवशी त्या देशाच्या वकिलातीच्या संकेतस्थळावर पुन्हा बघा. दोन वर्षांपूर्वी गेलेल्या शेजाऱ्याचा अनुभव पुरावा म्हणून धरू नका.

कायदा सामानालाही लागू होतो. अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. आपल्याकडे लेकीसाठी लाडू आणि मसाले देताना कुणाच्या मनातही येत नाही. काही वेदनाशामक आणि झोपेच्या गोळ्यांवरही तिथे निर्बंध आहेत. मार्ग दुबई किंवा अबुधाबीचा असेल, तर बॅग त्याप्रमाणे भरा. औषधं हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.

तिसरी गोष्ट आकाशाची. नकाशावर सरळ रेघ ओढता येते, पण विमान कुठल्या देशाचं यावर त्याचा रस्ता ठरतो. २०२२ पासून रशियाचं आकाश युरोपीय आणि अमेरिकी कंपन्यांना बंद झालं. एप्रिल २०२५ मध्ये भारत आणि पाकिस्तान यांनी एकमेकांच्या विमानांना आपापलं आकाश बंद केलं. त्यामुळे भारतीय कंपन्यांची, विशेषतः दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणारी विमानं लांबच्या वाटेने जाऊ लागली. काहींना इंधनासाठी मध्येच उतरावं लागलं. २३ जून २०२५ च्या रात्री इराणने कतारमधल्या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं सोडली, तेव्हा कतारचं आकाश काही तास बंद होतं आणि दोह्याची विमानं भलतीकडे उतरवावी लागली. आखातातून जाऊ नका, असा याचा अर्थ नाही. त्या रात्री एका तिकिटावरच्या माणसाला पुढे नेणं कंपनीवर बंधनकारक होतं, तर दोन तिकिटांवरच्या माणसाला दुसऱ्या कंपनीकडे मागायला काही नव्हतं. हा फरक लक्षात ठेवा.

आता मार्ग निवडायचा कसा? माझ्या घरचं उदाहरण देतो. बहिणीच्या बाळंतपणासाठी अम्मीला एकटीला टोरंटोला जायचं होतं. वय ६६, मधुमेह, गुडघे दुखतात, इंग्रजी येत नाही. माझ्यापुढे दोन चांगले पर्याय होते, दोन्ही एका तिकिटावर. एक लंडनमार्गे, दुसरा दुबईमार्गे. अंतर जवळपास सारखंच, तेरा हजार किलोमीटरच्या आसपास. फरक वाटणीचा आहे. लंडनमार्गे साधारण दहा तास आणि आठ तास. दुबईमार्गे तीन तास आणि मग सलग चौदा. गुडघ्यांचा विचार केला तर लंडन बरं, मध्यावर पाय मोकळे होतात. तिसरा पर्याय दोन तिकिटांचा होता, अठरा हजारांनी स्वस्त, तो मी बाजूला ठेवला.

निवड करण्याआधी मी अम्मीला विचारलं. ती म्हणाली, "चौदा घंटे मैं बैठ जाऊंगी. अधूनमधून उठून चालेन. पण रस्ता चुकले तर कुणाला तरी विचारता आलं पाहिजे."

दुबईच्या विमानतळावर झाडू मारणारा, व्हीलचेअर ढकलणारा, दुकानात उभा असणारा माणूस बहुधा आपल्याच भागातला असतो. कुणी केरळचा, कुणी उत्तर प्रदेशचा, कुणी पाकिस्तान-बांगलादेशचा. तिथे हिंदी-उर्दूत विचारता येतं आणि उत्तरही मिळतं. घर सोडून तिथे राबणाऱ्या त्या माणसांमुळेच आपल्या आया एकट्या प्रवास करू शकतात, हेही आपण विसरू नये. अम्मी दुबईमार्गे गेली. तुमच्या आईला कदाचित सलग चौदा तास बसवणार नाही, तिच्यासाठी लंडन योग्य ठरेल. मार्ग ज्याने प्रवास करायचा त्याच्या अडचणींवरून ठरवायचा, आणि ते त्यालाच विचारायचं. घरातल्या बाईच्या प्रवासाचा निर्णय मुलगा, जावई आणि एजंट मिळून घेतात आणि तिला तारीख तेवढी कळते, हे बंद झालं पाहिजे.

काही व्यवहाराच्या गोष्टी. कंपनी पन्नास-साठ मिनिटांचं कनेक्शन विकते, ते तरुण माणसाला कदाचित जमेल. वयस्कर माणसासाठी तीन तास तरी ठेवा. व्हीलचेअर विनामूल्य असते, पण ती किमान ४८ तास आधी सांगा. मधुमेहाचं किंवा हलाल जेवणही आधीच नोंदवावं लागतं. दोन विमानं वेगवेगळ्या कंपन्यांची असतील तर दोन्हीकडे नोंद झाल्याची खात्री करा. टर्मिनल बघा. दुबईतच टर्मिनल २ आणि टर्मिनल ३ धावपट्टीच्या दोन बाजूंना आहेत, मध्ये बसने जावं लागतं. अमेरिकेत जाताना साधारणपणे पहिल्याच विमानतळावर इमिग्रेशन होतं आणि बॅग उचलून पुन्हा द्यावी लागते. अबुधाबीहून थेट जाणाऱ्यांची अमेरिकी तपासणी अबुधाबीतच होते.

परतीचंही बघा. दिल्लीमार्गे आलात तर इमिग्रेशन दिल्लीला होतं, आणि कस्टमसाठी बॅगही सहसा तिथेच उचलावी लागते. शिवाय २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे. तिकिटावर 'मुंबई' आहे की 'नवी मुंबई', हे नीट वाचा, नाहीतर तुम्ही सहारला हार घेऊन उभे आणि आई पनवेलजवळ. आपल्याला मेट्रो ३ आहे. तिच्या कारशेडसाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये इथली झाडं रातोरात कापली गेली, ते आपण पाहिलं आहे. आता आरे स्थानकापासून टर्मिनल २ चौथं स्टेशन आहे. पण परदेशी जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात आणि तेव्हा मेट्रो बंद असते. गाडीची सोय आधी करा.

शेवटचं. एजंटकडे जा, त्यात काही वाईट नाही. पण पैसे देण्यापूर्वी एका कागदावर चार उत्तरं लिहून घ्या. पीएनआर एकच आहे का? बॅग शेवटपर्यंत जाते का? थांब्याला व्हिसा लागतो का? विमान चुकलं तर पुढचं कोण देणार? उत्तर देता आलं नाही तर तिकीट घेऊ नका. कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींनो, तुमच्या गल्लीतल्या खालांना आणि मावशींना हा कागद भरून द्यायला मदत करा. अर्ध्या तासाचं काम आहे.

ज्यांनी पासपोर्ट आणले आहेत त्यांनी थांबावं, आपण एकेक बघू.