निबंधाचा शेवट: समारोप की निगमन?
(खैरलांजी येथील व्याख्यानाचा मजकूर)



अभ्यासनिबंध तपासताना मी आधी शेवटचा परिच्छेद वाचतो. लिहिणाऱ्याला स्वतःच्या पुराव्यातून नेमके काय मिळाले, हे तिथे कळते. पुष्कळदा तिथे ‘अशा प्रकारे मराठी ही आपली मातृभाषा असून ती जपणे आपले कर्तव्य आहे’ असे वाक्य भेटते. वाक्य चांगले आहे. पण ते कोणत्याही निबंधाला जोडता येते, म्हणून ते या निबंधाचा निष्कर्ष होत नाही.

आपल्या न्यायशास्त्रात अनुमानाचे पाच अवयव सांगितले आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. ‘पर्वतावर अग्नी आहे’ ही प्रतिज्ञा, आणि ‘म्हणून पर्वतावर अग्नी आहे’ हे निगमन. शब्द जवळजवळ तेच; पण मधे धूर दाखवून झालेला असतो. प्रतिज्ञा हा दावा असतो, निगमन हे सिद्ध झालेले विधान असते. शेवटच्या परिच्छेदातला ‘म्हणून’ असा कमावलेला हवा.

आपल्या जिल्ह्याचेच उदाहरण घेऊ. विषय समजा ‘१९५६ची राज्य पुनर्रचना आणि बालाघाटातील मराठी’ असा आहे. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्यप्रदेशात १९५०च्या कायद्याने हिंदी आणि मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. १ नोव्हेंबर १९५६ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्यप्रदेशातच राहिला आणि राजधानी भोपाळला गेली. १९५७च्या कायद्याने हिंदी राजभाषा झाली. एवढा पुरावा हाती असेल, तर शेवट असा लिहिता येईल:

‘म्हणून, १९५०च्या कायद्यातले मराठीचे राजभाषेचे स्थान पुनर्रचनेनंतर या जिल्ह्यापुरते संपले, असे म्हणता येते. मात्र घरातली मराठी त्यामुळे किती घटली, हे कायद्यांवरून ठरत नाही. त्यासाठी शाळांची जुनी दाखल-खारीज रजिस्टरे आणि वडीलधाऱ्यांच्या मुलाखती पाहाव्या लागतील.’

इथे तीन कामे झाली. मूळ प्रश्नाला उत्तर मिळाले, उत्तराची मर्यादा स्पष्ट झाली आणि पुढच्या अभ्यासाची वाट दिसली. नवा पुरावा, नवे अवतरण किंवा उपदेश यांना या परिच्छेदात जागा नाही. एखादा महत्त्वाचा मुद्दा शेवटी आठवला, तर तो मधल्या परिच्छेदात नेऊन बसवावा.

मर्यादा सांगितली की निबंध कमकुवत होतो, असे विद्यार्थ्यांना वाटते. आपल्या सीमाभागात याचा वेगळा विचार करायला हवा. घरी पोवारी, शाळेत हिंदी आणि नात्यागोत्यात मराठी, अशा कुटुंबांविषयी लिहिलेले फार थोडे आहे. उद्या कुणी तुमचाच निबंध आधार म्हणून घेईल, आणि बहुधा त्याचा शेवटच उचलेल. तिथे पुराव्यापेक्षा मोठे विधान असेल, तर तीच चूक पुढच्या लेखनात उतरेल.

शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग करावा. दोन विद्यार्थ्यांच्या निबंधांचे शेवटचे परिच्छेद आपसांत बदलून वाचावेत. बदल कुणाच्या लक्षात आला नाही, तर दोघांनीही ते पुन्हा लिहावेत.